मागचं डावं दार

जुन्या गाड्या घेण्या-विकण्याच्या धंद्यात बरीच वर्षं गेली की एक सवय लागते. गाडी विकायला आलेला माणूस काय सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि मग तेच गाडीला विचारायचं. लहान एसयूव्ही विकायला येणाऱ्या कुटुंबांचं कारण जवळजवळ ठरलेलं असतं, "जागा कमी पडते, आता मोठी घ्यायची आहे." हे कारण खोटं नसतं, अपुरं असतं. जागा नेमकी कुठे कमी पडली हे त्या माणसाला सांगता येत नाही; गाडीला येतं. पाच-सहा वर्षं घरात वापरलेल्या गाडीत मागच्या सीटच्या मधल्या भागाचं कापड बऱ्याचदा कोरं असतं आणि मधल्या बेल्टचं बक्कल सीटच्या फटीत गाडलेलं असतं. मागच्या डाव्या दाराचा उंबरा मात्र चपलांनी घासून पांढरा पडलेला असतो, आणि त्या दाराच्या वर छताला असलेली मूठ धरून धरून तेलकट, काळपट झालेली असते. डिकीच्या तोंडाशी बंपरवर ओरखड्यांची जाळी, आत खोलवरचा गालिचा मात्र स्वच्छ. शेकडो गाड्यांमध्ये त्याच खुणा त्याच जागी दिसू लागल्या की त्यांचा अर्थ लावावाच लागतो. लहान गाडीत आत जागा किती आहे यावर तिचा उपयोग फारसा ठरत नाही. त्या जागेत शिरायच्या वाटा कशा आहेत यावर ठरतो. गिऱ्हाईक मात्र आतली जागा मोजतं, जाहिरात तीच मोजून देते, आणि आम्ही विकणारेही तीच सांगतो, कारण आकडा सांगणं सोपं असतं.

या वर्गातल्या सगळ्या गाड्या बाहेरून एकाच मापाच्या का, हे आधी बघायला हवं. 2006च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणलं गेलं आणि लहान गाडी कशाला म्हणायचं ते ठरलं. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत. पुढे जीएसटी आला तरी ही रेघ पुसली गेली नाही. सप्टेंबर 2025 पासून तर रेघेच्या आत 18 टक्के आणि बाहेर 40 टक्के, एवढं अंतर आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये बनलेली प्रीमिअर रिओ 2009मध्येच या रेघेच्या आत आली होती, पण ती फार कुणाच्या लक्षात राहिली नाही. या वर्गाला खरा बाजार मिळाला तो 2013च्या फोर्ड इकोस्पोर्टपासून. मग 2016ची व्हिटारा ब्रेझा, 2017ची नेक्सॉन, 2019ची व्हेन्यू आणि एक्सयूव्ही 300, 2020ची सोनेट. या सगळ्यांची लांबी 3990 मिलिमीटरच्या पुढे आणि 4000च्या आत. गंमत म्हणजे आजची ब्रेझा 1462 सीसीच्या पेट्रोल इंजिनामुळे या सवलतीत बसतच नाही; मूळ गाडी 1248 सीसीच्या डिझेलवर आखली गेली होती, आणि ते इंजिन गेलं तरी आखूड शेपूट तसंच राहिलं. लांबी अशी करानं बांधलेली, पुढचा हिस्सा इंजिनाचा. उरलेल्या जागेत मागच्या माणसाचे गुडघे आणि डिकी यांची वाटणी करायची, म्हणजे एकाच खोलीतला मधला पडदा इकडे-तिकडे सरकवायचा. एक्सयूव्ही 300च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2600 मिलिमीटर, त्या काळच्या स्पर्धकांत सर्वांत जास्त, आणि डिकी 257 लिटर, सर्वांत लहान म्हणून बोलणी खाणारी. ब्रेझाचं ते अंतर 2500 आणि डिकी 328. एकानं गुडघ्यांना दिलं, दुसऱ्यानं बॅगांना. 2025च्या किआ सायरॉसनं तर पडद्याला रूळच बसवले. तिची मागची सीट पुढे-मागे सरकते आणि डिकी 390पासून 465 लिटरपर्यंत होते. ही सोय मला प्रामाणिक वाटते, कारण दोन्ही एकदम मिळणार नाहीत हे ती उघडपणे कबूल करते.

लिटर हे माप ऐकायला नेमकं वाटतं. मोजण्याची रूढ पद्धत अशी की 200 बाय 100 बाय 50 मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एकेक लिटरचे ठोकळे डिकीत बसतील तेवढे रचायचे आणि मोजायचे. पार्सल ट्रेपर्यंत रचले तर एक आकडा येतो, ट्रे काढून छताला टेकेपर्यंत रचले तर दुसरा. चाकणला बनणाऱ्या स्कोडा कायलॅकचा 446 लिटरचा आकडा ट्रे काढून मोजलेला आहे. ट्रेपर्यंत मोजलं तर 360. दोन्ही आकडे खरे, पण एका कंपनीचा हा आणि दुसरीचा तो शेजारी ठेवून तुलना करणारं गिऱ्हाईक रोज भेटतं. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. विटेपेक्षा लहान सुटे ठोकळे घेऊन कोणतंच कुटुंब प्रवासाला निघत नाही. डिकीत जाते ती चाकांची कडक सूटकेस, गावाहून आलेलं तांदळाचं पोतं, आंब्याची पेटी, बाळाची घडीची गाडी, आजोबांचा वॉकर किंवा व्हीलचेअर. या वस्तू वाकत नाहीत. त्यांच्यासाठी डिकीचं तोंड किती रुंद आहे, त्याची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, त्या कडेच्या आत तळ किती खाली उतरतो आणि दोन व्हील आर्चमधून मोकळी रुंदी किती उरते, एवढंच महत्त्वाचं. एसयूव्ही म्हटली की जमिनीपासूनची उंची 190-200 मिलिमीटरच्या आसपास आली, आणि तळाबरोबर डिकीची कडही वर गेली. पंचवीस किलोचं पोतं आधी कंबरेएवढं उचलायचं, कडेवरून ओलांडवायचं आणि मग आत खड्ड्यात सोडायचं. काढताना हाच उद्योग उलटा, आणि तो अधिक कठीण, कारण वाकून उचलावं लागतं. बंपरवरची ओरखड्यांची जाळी येते ती इथून. पोतं कडेवर टेकवून ओढलं जातं. कड आणि तळ एका पातळीत असलेल्या गाड्यांत ती जाळी फार कमी दिसते, मग लिटरचा आकडा काहीही असो.

इकोस्पोर्ट हे या बाबतीतलं उत्तम उदाहरण. स्टेपनी पाठीवर घेतल्यामुळे तिला एक ऐट आली आणि डिकीचा तळ मोकळा राहिला. पण त्या वजनामुळे मागचं दार वर न उघडता बाजूला उघडायचं. मागे दुसरी गाडी लागली असेल, किंवा सोसायटीत भिंतीला लागून गाडी लावली असेल, तर ते पूर्ण उघडायला वाव नसायचा. डिकी होती, तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. दार वर उघडणाऱ्या गाड्यांत स्टेपनी तळाखाली गेली आणि तिथे वेगळा त्रास सुरू झाला. गौरी-गणपतीला कोकणात निघालेल्या भरल्या गाडीचं चाक घाटात बसलं की सगळ्या बॅगा पावसात रस्त्याच्या कडेला मांडल्याशिवाय स्टेपनी हाती लागत नाही. ऑक्टोबर 2020 पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. काहींना ही सवलत सोयीची वाटते. घाटातल्या दगडानं टायरची बाजू फाटली तर किटचा काही उपयोग नसतो, म्हणून बॅगा उतरवायला लागल्या तरी स्टेपनी असावी असं माझं मत आहे.

आता मागचं डावं दार. कुटुंबाच्या गाडीत सर्वांत जास्त राबणारं हे दार. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, त्यामुळे गाडी थांबते ती रस्त्याच्या डाव्या कडेला. फुटपाथ त्या बाजूला, आणि वयस्कर माणसं, मुलं, भाजीच्या पिशव्या, दप्तरं, सगळं याच दारानं आत जातं. खाली बसलेल्या सेडानमध्ये गुडघे दुखणारा माणूस आत कोसळतो आणि उतरताना त्याला हात देऊन ओढावं लागतं. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या उंच गाडीत त्याला पायरीवर पाय देऊन चढावं लागतं. लहान एसयूव्हीची सीट या दोन्हींच्या मधल्या उंचीवर येते, त्यामुळे पाठ न वाकवता आधी टेकायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा, असं बसता येतं. या वर्गाचं खरं यश मला या एका गोष्टीत दिसतं. फुगीर बॉनेट, छतावरच्या रेल, चाकांभोवतीचं काळं प्लॅस्टिक यांनी गाडी विकली जाते. घरात ती टिकते आजी-आजोबांमुळे. आणि तरीही सीटची ही उंची कुठल्याही माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. तीच गत उंबऱ्याची. उंबरा रुंद असला की पाऊल लांब टाकावं लागतं, आणि मागचं चाक दाराच्या खालच्या कोपऱ्यात घुसलेलं असलं की पाय ठेवायची वाट चिंचोळी होते. दार बंद होताना उंबऱ्यावरून खाली उतरत असेल तर पावसाळ्यात उंबरा कोरडा राहतो, नसेल तर साडीचा काठ किंवा पँटची पोटरी दर वेळी चिखल पुसून घेते. दार किती कोनात उघडतं यालाही अर्थ आहे. टाटा पंचची दारं काटकोनात उघडतात याची जाहिरात झाली ती उगाच नाही. पण हा फायदा रस्त्यावरचा. सोसायटीतली पार्किंगची जागा साधारण अडीच मीटर रुंद धरली आणि गाडी 1.8 मीटर, तर दोन्ही बाजूंना मिळून 70 सेंटीमीटर उरतात, तेही शेजारच्यानं गाडी सरळ लावली तर. एवढ्यात कुठलंच दार नीट उघडत नाही. वयस्कर माणूस गेटपाशी उभा राहतो आणि गाडी बाहेर आली की बसतो. यांत्रिक पार्किंग असेल तर आधी गाडीची उंची त्या खणात मावते का हे बघायचं, कारण सेडान धरून बांधलेले खण या उंचीला पुरत नाहीत.

जागा कमी पडते या तक्रारीचा बहुतेक वेळा खरा अर्थ मागच्या सीटवर तिसरा माणूस बसत नाही, असा असतो. प्रौढ माणसाचे खांदे साधारण 45 सेंटीमीटर रुंद. तिघांचे झाले 135. दारांची जाडी वजा केल्यावर 1.8 मीटर रुंद गाडीत खांद्यापाशी तेवढंच काय ते उरतं, आणि कुणाचा हात कुठे ठेवायचा हा प्रश्न राहतोच. शिवाय मधली जागा ही खरी सीट नसते. तिथे घडीचा आर्मरेस्ट लपवलेला असतो म्हणून पाठ टणक, पायाखाली उंचवटा, समोर एसीचे व्हेंट आणि मधल्या कन्सोलचं टोक, त्यात पाय कुठे ठेवावेत हे कळत नाही. अशा वेळी कुटुंब ठरवतं की पुढची गाडी मोठी घ्यायची आणि क्रेटासारख्या गाडीकडे वळतं. क्रेटाची लांबी 4330 मिलिमीटर, ब्रेझापेक्षा 33 सेंटीमीटरने जास्त. रुंदी मात्र 1790, ब्रेझाइतकीच. गुडघे मोकळे झाले, डिकी 433 लिटरची झाली, पण तिघांच्या खांद्यांना वाढीव रुंदी मिळाली नाही. लाखो रुपये जास्त मोजून लांबी विकत घेतली जाते, आणि अडचण रुंदीची असते. चार मीटरच्या आतल्या एक्सयूव्ही 3एक्सओची रुंदी 1821 आहे. तिघांना शेजारी शेजारी बसवायचं असेल तर आखूड गाडी लांब गाडीच्या पुढे जाऊ शकते. मधल्या जागेचा बेल्ट हा वेगळा विषय नाही, याच विषयाचा भाग आहे. सप्टेंबर 2022मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, आणि 1 नोव्हेंबर 2022 पासून मुंबई पोलिसांनी मागच्या प्रवाशांनाही बेल्टची सक्ती जाहीर केली. त्यानंतर विकायला आलेल्या गाड्यांत मागच्या दोन्ही कडांची बक्कलं फटीतून वर आलेली दिसू लागली. मधलं बहुधा अजून आतच असतं. ज्या जागेला डोक्यामागे आधार आणि तीन ठिकाणी धरणारा बेल्ट नाही, ती जागा मी माणसाची मोजत नाही. नवी गाडी बघताना हे दोन्ही मधल्या जागेला आहेत का, एवढं तरी बघावं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. बहुतेक दिवस गाडीत एक किंवा दोनच माणसं असतात. मग मागच्या दाराची आणि तिसऱ्या माणसाची एवढी चिंता कशाला? गाडीतल्या खुणाही याला दुजोराच देतात, मधलं कापड कोरं असतं ते त्यामुळेच. पण एकट्या माणसाला कोणतीही गाडी पुरते. या वर्गासाठी दहा-बारा लाख मोजले जातात ते ज्या दिवशी गाडीत चार-पाच माणसं असतात त्या दिवसांसाठी, आणि त्या दिवसांची ये-जा मागच्या दारांतूनच होते. दुसरं असं की माणसं नसली तरी मागची सीट रिकामी नसते. लॅपटॉपची बॅग, डबा, दूध, इस्त्रीचे कपडे, ओली छत्री, मुलांचं क्रिकेटचं सामान, सगळं तिथेच पडतं, डिकी उघडायचा कंटाळा येतो म्हणून. म्हणजे एकट्याचा रोजचा वापरही मागच्या डाव्या दारानंच होतो. मधली जागा कोरी राहण्याचं एक कारण ती वापरण्याजोगी नाही हेही असतं. कोरेपणावरून गरज नव्हती असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. मागे तीन जण बसायची वेळ आली की अनेक घरं दोन गाड्या काढतात किंवा कुणीतरी घरीच राहतं.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. वाटा महत्त्वाच्या असतील तर एसयूव्हीच का? वॅगन आर 3655 मिलिमीटर लांब, 1675 उंच आणि डिकी 341 लिटर. ब्रेझापेक्षा फूटभर आखूड असून डिकीचा छापील आकडा मोठा, आणि दारं उंच, सीट वर, उंबरा सोपा. माझाच निकष लावला तर ही गाडी बऱ्याच बाबतींत जिंकते, आणि शहरातल्या चौघांच्या घराला ती किंवा तिच्यासारखी उंच हॅचबॅक पुरेशी आहे असं मी सांगतोही. ऐकणारे थोडे, कारण लहान एसयूव्ही घेण्यात दारासमोर काय उभं आहे याचाही वाटा असतो, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण फरक नुसता दिखाव्याचा नाही. वॅगन आरची रुंदी 1620 आहे, ब्रेझापेक्षा 17 सेंटीमीटर कमी, म्हणजे तिसऱ्या माणसाच्या खांद्यांच्या रुंदीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. शिवाय पाच माणसं आणि सामान भरून घाट चढताना जड, ताकदवान गाडी वेगळी वागते. आणि 2018मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले तेव्हापासून या वर्गात गाडीचा सांगाडा किती मजबूत आहे हे गिऱ्हाईक विचारू लागलं. तिसऱ्या बाजूनं विचारणारे म्हणतात की याच लांबीत सात सीट मिळतात, मग पाच का घ्यायच्या? महिंद्रानं 2012च्या क्वांटोत चार मीटरच्या आत सात जण बसवले, मागचे दोन समोरासमोर आडवे. रेनो ट्रायबरमध्ये तिसरी रांग काढून ठेवता येते. ती लावली की डिकी 84 लिटर, काढली की 625. हिशेब स्वच्छ आहे, सात माणसं न्या किंवा त्यांच्या बॅगा न्या. क्वांटोच्या त्या आडव्या सीटांवर माणसांच्या बसण्यापेक्षा सामानाच्याच खुणा जास्त दिसायच्या.

या वर्गात जागेचं गणित सर्वांत जास्त बदललं ते सीएनजीनं. पुण्या-मुंबईत रोज लांबचं अंतर कापणाऱ्याला ती बचत सोडवत नाही. पण टाकी डिकीत आडवी बसली की सूटकेसची जागा गेली; मग बॅगा मागच्या सीटवर येतात आणि पाच जणांची गाडी तीन जणांची होते. ब्रेझाची 2023ची सीएनजी गाडी 55 लिटरची टाकी डिकीत घेऊन आली. बाहेरून बसवलेल्या किटांत तर टाकीभोवतीची जागाही नीट वापरता येत नाही. टाटांनी एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी शेजारी शेजारी आडव्या टाकल्या. सप्टेंबर 2024च्या नेक्सॉन सीएनजीत तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या आणि वर 321 लिटरची सपाट डिकी उरली. गेल्या दहा वर्षांत या वर्गात जागेच्या बाजूनं झालेलं सर्वांत उपयोगी काम मी याला म्हणेन, सनरूफपेक्षा कितीतरी मोठं. ज्याची गाडी फक्त कामावर जाते-येते त्यानं डिकीतल्या टाकीकडे दुर्लक्ष करावं, त्याचं बरोबरच आहे. ज्याला दर महिन्याला गावी जायचं आहे त्यानं शोरूममध्ये आपली नेहमीची बॅग आत ठेवून बघितल्याशिवाय सीएनजी घेऊ नये.

सनरूफचा उल्लेख आलाच आहे. छतात तिची चौकट बसली की मागे बसणाऱ्या उंच माणसाच्या डोक्यावरची दोन बोटं जागा जाते. विदर्भातल्या उन्हाळ्यात तिचं झाकण महिनोन्महिने बंदच राहतं, आणि चालत्या गाडीत मुलांनी त्यातून बाहेर उभं राहणं हा तर शुद्ध जीवघेणा प्रकार. तरी गिऱ्हाईक ती मागतं आणि जुन्या बाजारातही तिला किंमत येते. खिडकीच्या खालच्या कडेचंही असंच आहे. दिसायला तडफदार वाटावी म्हणून ती मागे चढवत नेलेली असते. लहान मुलाला बाहेर काहीच दिसत नाही आणि घाटात उलटी होते. पांढऱ्या-बदामी लेदरेटवर लाल मातीचे डाग पडतात, बाटलीचा कप्पा अर्ध्या लिटरचाच असतो, ओल्या छत्रीला जागा कुणीच ठेवत नाही. मागे एसीचे व्हेंट असणं ही मात्र चैन नाही; एप्रिलमध्ये नागपूर-चंद्रपूरला मागे बसणाऱ्याला ते विचारा.

राहिला शेवटचा आक्षेप. दाराची सोय, उंबरा, बसण्याची उंची हे माणसागणिक बदलतं, आकडे सगळ्यांना सारखे. मग विकत घेणाऱ्यानं आकड्यांवर का अवलंबून राहू नये? आकडे हवेतच. रुंदी, चाकांमधलं अंतर, ट्रेपर्यंतचे लिटर, हे तीन बघितल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नये. पण त्यांनी गाड्यांची यादी छोटी होते, निवड होत नाही. चार मीटरच्या आतल्या गाड्या आकड्यांत एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की वीस-तीस लिटरच्या फरकावर केलेली निवड म्हणजे नाणं उडवणंच. दारापाशी मात्र त्या खूप वेगळ्या असतात, आणि तो फरक घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या गुडघ्याला दहा सेकंदांत कळतो. अडचण एवढीच की टेस्ट ड्राइव्हला तो माणूस येत नाही. येतो तो गाडी चालवणारा, पुढे बसतो, एसी लावतो, संगीत ऐकतो, रस्त्यावर एक चक्कर मारतो आणि बुकिंगचे पैसे भरतो. मागचं डावं दार त्यानं उघडलेलंही नसतं.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी आणून देतात. ती आपल्या पार्किंगमध्ये, आपल्याच खांबाशेजारी लावायला सांगा. आई-वडिलांना मागच्या डाव्या दारानं बसवा आणि उतरवा, मध्ये तिसऱ्याला बेल्ट लावून बसवा, घरातली सर्वांत जड बॅग डिकीत स्वतः चढवा आणि स्वतः काढा. बुकिंगची पावती त्यानंतर फाडा.